वरच्या मजल्याचा नळ

वेणीमाधव देगावकरांच्या डोक्यावर गेली अकरा वर्षं दर चार-पाच दिवसांनी एक पितळी घागर वाजत आली होती. डोक्यावर म्हणजे खरं तर स्वयंपाकघराच्या छतावर. पण हा फरक मानायला देगावकर तयार नसत.

घागर वरच्या मजल्यावरच्या पंचाक्षरी कोनापुऱ्यांची. जुळे सोलापुरातल्या त्या दुमजली घराचा खालचा मजला देगावकरांचा, वरचा कोनापुऱ्यांचा; आणि अंगणातला हौद, हौदावरची मोटर, गच्चीतली टाकी ही दोघांची. दोघांचं म्हणून जे जे असतं त्यावरून जितकं भांडण व्हायला हवं तितकं रीतसर होत असे. सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा सांगून येत नाही. देगावकरांनी मोटर लावली तरी ते आपल्याला हाक मारतील असा पंचाक्षरींना भरवसा नव्हता. म्हणून मोटरीपासून टाकीकडे चढणाऱ्या पाइपालाच त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात एक नळ काढून घेतला होता. तो नळ कायम उघडा आणि त्याच्याखाली घागर. खाली मोटर सुरू झाली की वर घागरीच्या बुडावर धार आदळायची, पंचाक्षरी असतील तिथून उठायचे, आणि ताजं पाणी भरून झालं की नळ बंद करून, मोटर थांबल्यावर पुन्हा उघडून ठेवायचे. यंत्रणा साधी होती, स्वस्त होती, आणि तिच्यात एकच दोष होता. घरात कोणी नसलं की ती देगावकरांच्या छतातून झिरपायची. एकदा पंचाक्षरी आणि त्यांची बहीण अक्कलकोटला गेले असताना छताचा पोपडा थेट देगावकरांच्या पत्नीच्या, मालतीबाईंच्या, आमटीत पडला होता. ती आमटी देगावकर अजून विसरले नव्हते. निवृत्तीनंतर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर छताचं प्लास्टर नवीन करून त्याला फिका बदामी रंग दिला.

रंगाचा वास जायच्या आत साथ आली, टाळेबंदी आली, आणि ऐन मे महिन्यात पंचाक्षरींना ताप आला.

रुग्णवाहिका दाराशी उभी राहिली तेव्हा सगळी गल्ली गच्च्यांवर होती. पंचाक्षरींची धाकटी बहीण सुंदरम्मा आपली कपड्यांची पिशवी घेऊन आधीच खाली आली होती. पंचाक्षरी मात्र येईनात. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"अण्णा, या की ओ लवकर! ते लोक थांबल्यात!" सुंदरम्मा ओरडली.

अखेर पंचाक्षरी दार ओढून, कठडा धरत, पायरीपायरीवर थांबत खाली आले. कपाळावर ताजी विभूती, धोतराचा सोगा ओला. देगावकरांच्या खिडकीशी ते क्षणभर थबकले, धाप लागलेली होती, काहीतरी बोलणार होते. पण देगावकर तोवर नियमाप्रमाणे खिडकीपासून सहा फूट मागे सरकले होते. मग ते नुसता हात वर करून गाडीत चढले.

संध्याकाळपर्यंत झोन ऑफिसचा मल्लप्पा माणसं आणि पत्रे घेऊन आला. फाटकाला पत्रा, जिन्याला पत्रा, वरच्या दाराला सील. सुंदरम्माची तपासणी ठीक निघाली, पण तिला नेऊन ठेवायच्या जागी खाट शिल्लक नव्हती.

"मग बाईंनी राहायचं कुठं?" देगावकरांनी बाणेदारपणे विचारलं. उत्तर असं मिळालं की आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"तुमच्याकडंच की साहेब. आता सगळं एकच घर झालं, पत्र्याच्या आतलं."

अशा रीतीने चौदा दिवसांसाठी देगावकरांच्या घरात पाच माणसं कोंडली गेली.

त्यांची मुलगी ज्ञानदा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन पुण्याहून घरी आलेली. तिने पहिल्याच जेवणाला जाहीर केलं की कोंडलेले जीव मोजक्याच तऱ्हांनी वागतात. "आई मुंगीच्या जातीची. कोंडलं की साठवणार. दादा गोगलगाय. उन्हाळ्यात गोगलगाय शंखाच्या तोंडाला पडदा लावून आत पडून राहते, त्याने तर हेडफोन लावलेत."

सुबोधने हेडफोन काढून "काय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता परत लावले. कंपनीचं काम तो गेले दोन महिने त्या खोलीतूनच करत होता. पत्रे ठोकल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

"आणि मी?" देगावकरांनी विचारलं.

"तुम्ही बाबा येरझारा घालणाऱ्यांत. प्राणिसंग्रहालयात लांडगा बघा, एकाच वाटेने फिरतो."

आयुष्यभर एका शिक्षणसंस्थेचं कार्यालय वाकवलेल्या माणसाला हे लागलं. पण लागलेलं दाखवायचं तर उभं राहून दोन फेऱ्या मारायला हव्या होत्या, आणि आता ते शक्य नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "आणि तू स्वतः?"

"मी प्रकार पाडते. हाही प्रकारच आहे एक."

सुंदरम्मा कोणत्या प्रकारात, हे ज्ञानदाने सांगितलं नाही. सुंदरम्मा दाराशेजारच्या खुर्चीवर तोंडाला पदर लावून, मांडीवर बांधलेली पिशवी घेऊन बसली होती. मालतीबाईंनी ताट पुढे केलं की "ब्याड, ब्याड" असं कानडीत नको-नको म्हणत मान हलवायची, मग फार आग्रह झाला की चतकोर खायची. तिच्या तोंडून त्या दिवशी पहिलं पूर्ण वाक्य निघालं, आणि त्याने घर बसल्या जागी हादरलं.

"वरचा नळ उघडाच राहिलाय की ओ."

देगावकरांची नजर बदामी छताकडे गेली.

"नक्की?"

"आता काय सांगू? अकरा वर्षांत अण्णानं तो नळ कधी बंद ठिवलाय व्हय? घागर तशीच खाली हाय. म्या पिशवी घिऊन आधी उतरले, माझं ध्यान न्हाय गेलं बगा."

म्हणजे मोटर लावायची सोय उरली नव्हती. मोटर लावली की वर घागर भरणार, वाहणार, आणि कोनापुऱ्यांच्या स्वयंपाकघरातून देगावकरांच्या आमटीत उतरणार. मोटर लावली नाही तर टाकी रिकामी. टाकी दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली, कारण रोगाच्या धास्तीने मालतीबाई भाजीसुद्धा तीनतीनदा आंघोळ घातल्यासारखी धूत होत्या.

देगावकर कामाला लागले. अर्ज, विनंती, पाठपुरावा हे त्यांचं कुरुक्षेत्र. त्यांनी झोन ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, नळ म्हणजे पाणीपुरवठा. पाणीपुरवठ्याने सांगितलं, घरातल्या नळाशी आमचा संबंध नाही, शिवाय ते घर आरोग्याकडे आहे. आरोग्यवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नळाला लक्षणं आहेत का?" हा विनोद होता की पुढच्या रकान्यातला प्रश्न, हे देगावकरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"बाबा," ज्ञानदा म्हणाली, "काकांकडे फोन आहे ना? त्यांनाच विचारू या, नळ उघडा आहे का."

देगावकर ताठ झाले. "माणूस तिथं ऑक्सिजन लावून पडलाय आणि आपण त्याला नळाचं विचारायचं? काही माणुसकी?"

"बरोबर हाय," सुंदरम्मा खुर्चीवरून म्हणाली. "अण्णाला नका सांगू. जिवाला घोर लावून घील."

मालतीबाईंनीही मान डोलावली. माणुसकीच्या बाजूने एवढं बहुमत त्या घरात पहिल्यांदाच झालं होतं.

ज्ञानदाने मग दुसरा उपाय काढला. मोटर अर्धं मिनिट लावायची, सगळ्यांनी गप्प राहून वरचा कानोसा घ्यायचा. घागर वाजली तर नळ उघडा, नाही तर बंद. प्रयोग निर्दोष होता, माणसं नव्हती. मोटर घरघरली, पाइपात अडकलेली हवा गुरगुरली, कुठेतरी काहीतरी टणकलं, आणि देगावकर "बंद कर!" म्हणून ओरडले.

"वाजली!" मालतीबाई म्हणाल्या.

"आमचीच घागर ती. मला वळखू येती," सुंदरम्माने डोळे पुसले.

"छत टपकायला लागलं," देगावकर म्हणाले, आणि कोरड्या छताखाली पातेलं मांडलं.

सुबोधने काहीच ऐकलं नव्हतं. "मला वाटतं ती नुसती हवा होती," असं ज्ञानदा एकटी म्हणाली. पण मोटर पुन्हा लावून बघायला देगावकर राजी झाले नाहीत, आणि प्रयोगाचा निकाल मतदानाने लागला.

तेव्हापासून देगावकर कुटुंब हौदातून दोरीने पाणी उपसू लागलं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली, आणि निवृत्त मुख्य लिपिक बनियनवर बादली ओढताहेत, हे दृश्य समोरच्या गच्चीवरून शिवराज रोज बघत असे. शिवराजचं कपड्याचं दुकान टाळेबंदीत बंद होतं आणि त्याच्यापाशी सल्ल्यांचा मोठा माल पडून होता.

"काका, कमरेतून वाकू नका, गुडघ्यातनं वाका!"

"काका, दोरीला गाठ मारा की, घसरतीय!"

"काका, एवढं कशाला करतायसा? बाजूच्या भिंतीवर चढून काठी घाला की खिडकीतनं, नळ फिरंल!"

पहिले दोन सल्ले देगावकरांनी तुच्छतेने झटकले. तिसरा मात्र त्यांच्या डोक्यात राहिला, आणि पाठ फारच भरून आली त्या दिवशी बाहेर आला. देगावकर स्टुलावरून कंपाउंडच्या भिंतीवर चढले. हातात जाळी काढायची लांब काठी, तिच्या टोकाला सुबोधने बांधलेला कापडी फास. ("बल पुरेसं लागलं तर फिरेल," एवढं बोलून तो आत गेला.) कोनापुऱ्यांची खिडकी अर्धवट उघडी होती, आत पडदा, पडद्यामागे अंधार. देगावकरांनी काठी आत घातली, इकडे तिकडे चाचपली. काहीतरी लागलं. त्यांनी पीळ दिला. आतून धडाधडा मसाल्याचे डबे कोसळले, आणि त्या आवाजाने दचकून देगावकर बाहेरच्या बाजूला, म्हणजे पत्र्यापलीकडे, म्हणजे कायद्यापलीकडे, शेजारच्या मोकळ्या प्लॉटातल्या वाळूवर पडले.

लागलं फारसं नाही. पण तेवढ्यात शिवराजने मोबाइलवर चित्रीकरण पूर्ण केलं होतं. रात्रीच्या जेवणापर्यंत 'सीलबंद घरातून पलायन करणारे गृहस्थ' गावभर फिरले. देगावकरांच्या जुन्या कार्यालयाच्या निवृत्तांच्या गटावर तर कोणीतरी खाली लिहिलं, 'चाल ओळखीची वाटते.' दुसऱ्या दिवशी हवालदार आला. पत्र्याबाहेरून त्याने दम भरला, आणि देगावकरांना सर्व गच्च्यांच्या साक्षीने "पुन्हा असं करणार नाही" म्हणायला लावलं.

"जोरात म्हणा काका, हितं ऐकू येईना!" शिवराज ओरडला.

देगावकर आत आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी त्यांनी येरझाराही घातल्या नाहीत.

पंचाक्षरींचा फोन मात्र रोज सकाळी यायचा. आधी सुंदरम्माशी कानडीत दोन शब्द. मग ती फोन देगावकरांपुढे धरायची, कारण पंचाक्षरींना खरं काम देगावकरांशी असे.

"देगावकर, पाणी आलं का ओ?"

"आलं की."

"मोटर लावली का?"

"लावली."

"छत कसं हाय?"

हे विचारताना हा माणूस आपल्याला चिडवतोय असं देगावकरांना पहिल्यांदा वाटलं. मग वाटलं, अपराधी वाटत असेल बिचाऱ्याला. ते मोठ्या मनाने म्हणाले, "एकदम कोरडं. टाकी भरून वाहिली. तुम्ही काही म्हणजे काही काळजी करू नका."

"मग बेस झालं," पंचाक्षरी म्हणायचे, आणि बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू यायचा.

फोन ठेवला की देगावकर बादली उचलायचे. आपण एका आजारी माणसासाठी किती सुंदर खोटं बोलतो आहोत, या विचाराने बादली जराशी हलकी वाटायची.

मालतीबाईंचं वेगळंच चाललं होतं. अण्णाला कडक भाकरी लागती, असं सुंदरम्मा कधीतरी बोलून गेली होती. तेवढ्यावर त्यांनी बाजरी आणि ज्वारीचा घरातला सगळा साठा काढला. पातळ भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, उन्हात पापडासारख्या कडकडीत होऊ द्यायच्या. दिवाणावर भाकऱ्या, कपाटावर भाकऱ्या, टीव्हीवर जुन्या साडीखाली भाकऱ्या. महिना-महिना टिकतात त्या. "भाऊ परत आल्यावर तोंडाला चव नसेल त्यांच्या," त्या म्हणायच्या. त्यांच्या हिशेबाने पंचाक्षरी अशक्त होऊन येणार होते, पण येणार होते. थापायचा आवाज थांबला की सुंदरम्मा खुर्चीवरून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी यायची आणि मुकाट्याने परातीतला पुढचा गोळा घ्यायची. पिशवी तेवढी काखेतच असायची.

एका सकाळी फोनवरचा आवाज फार लांबून आला.

"देगावकर..."

"बोला."

"त्या नळाचं... एक सांगायचं ऱ्हायलं बगा..."

देगावकरांना वाटलं, मरणाच्या दारात माणूस आपल्या छताची क्षमा मागतोय! ते घाईघाईने म्हणाले, "नळाचं नावसुद्धा काढायचं नाही! तुम्ही आधी बरे होऊन या. आल्यावर नळावरून आपण चांगलं भांडू."

पलीकडे खोकल्यासारखं काहीतरी झालं. हसू असावं.

"तुमचं पाण्याचं... नीट चाललंय न्हवं?"

"झकास चाललंय."

"मग ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर त्या नंबरवरून फोन आला नाही. दोन दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून आला. बोलणाऱ्या बाईंनी आधी पेशंटचं नाव विचारलं, मग नातं विचारलं. देगावकर "शेजारी" म्हणाले आणि त्यांनी फोन सुंदरम्माच्या हातात द्यायच्या आधीच सुंदरम्माने मांडीवरची पिशवी खाली जमिनीवर ठेवली होती.

अंत्यविधीच्या वेळी दोन नातेवाइकांना लांब उभं राहता येईल, असा नियम होता. पंचाक्षरींचा पुतण्या स्वतः आजारी. उरलेली माणसं पत्र्याच्या आत होती. देगावकरांनी त्या दिवशी पुन्हा सगळे फोन लावले. झोन, आरोग्य, पोलीस. या खेपेला कोणी त्यांना दुसरीकडे पाठवलं नाही, कोणी विनोद केला नाही. सगळे फार सौम्यपणे "नाही" म्हणाले. पत्र्याबाहेरून मल्लप्पाने सांगितलं, "नीट केलं साहेब त्यांनी. विभूती लावली, म्या सांगून ठिवलं होतं." त्याने खरंच सांगितलं होतं की तोही सुंदर खोटं बोलत होता, हे देगावकरांनी विचारलं नाही. समोर शिवराज गच्चीवर उभा होता. त्याच्याकडेही त्या दिवशी सल्ला नव्हता.

सुबोधने हेडफोन काढून ठेवले आणि दिवसभर हौदावर एकट्याने बादल्या ओढल्या. पाणी लागत नव्हतं इतकं. पिंपं भरली, पातेली भरली, तरी तो ओढत राहिला.

पत्रे निघाले त्या सकाळी मल्लप्पाने वरचं सील कापलं आणि तो बाजूला झाला. सुंदरम्मा पुढे, तिच्यामागे देगावकर, त्यांच्या मागे ज्ञानदा. घरात फवारणीचा उग्र वास कोंडलेला होता. स्वयंपाकघरात देगावकरांच्या पराक्रमाने पडलेले डबे, सांडलेली हळद, आणि काठीचा तुटलेला तुकडा.

सुंदरम्मा कट्ट्यापाशी जाऊन थांबली.

नळ बंद होता. नुसता बंद नव्हता. चावी घट्ट पिळून वर धोतराची चिंधी गच्च बांधली होती. आणि घागर चिंचेने घासून, लखलखीत करून, कट्ट्यावर पालथी घातली होती. तिच्याखालच्या पाण्याचा गोल डाग दगडावर वाळला होता.

ज्ञानदाने वडिलांकडे पाहिलं. "हॉर्न वाजत होता," ती हळूच म्हणाली, "तेव्हा ते हे करत होते."

देगावकरांना आठवला तो धोतराचा ओला सोगा आणि खिडकीशी थबकलेला माणूस. मग बादल्या आठवल्या, भिंत आठवली, 'मोटर लावली का' आठवलं. रोज सकाळी तो माणूस त्यांना तेच सांगायला बघत होता: लावा, मी बंद करून आलोय. त्यांना हसावं असं वाटलं. तोंड त्या आकाराचं झालंही, पण पुढे काही झालं नाही.

सुंदरम्माने घागरीला हात लावला नाही. ती तिच्याकडे बघत राहिली.

"गावाला निघाला तरी कधी पालथी घालत न्हवता," ती म्हणाली. "यायचं हाय म्हणायचा. आल्यावर पाणी लागंल म्हणायचा."

एवढं बोलून ती तिथेच, हळदीत, खाली बसली.

नेमकं त्याच वेळी खालून मालतीबाईंची हाक आली. फाटकाशी नळाला पाणी आलं होतं, आणि इतक्या दिवसांच्या सवयीने त्या मोठ्याने विचारत होत्या, "अहो, पाणी आलंय! मोटर लावू का?"

देगावकरांनी तोंड उघडलं. अकरा वर्षं 'लाव' हा शब्द त्यांनी बेफिकीरपणे उच्चारला होता. आता तो येईना. खालून पुन्हा हाक आली.

सुंदरम्माने कट्ट्याचा आधार घेतला आणि ती उठली. घागर तिने सरळ केली, नळाखाली मांडली. चिंधीची गाठ फार घट्ट होती. तिला सुटेना, म्हणून देगावकर पुढे झाले. दोघांनी मिळून ती सोडवली. सुंदरम्माने नळ पुरता उघडला.

"सांगा," ती म्हणाली. "लावा म्हणावं."

"लाव!" देगावकर ओरडले. आवाज फाटला, पण खाली पोचला. मोटर घरघरली, पाइपात हवा गुरगुरली, आणि मग रिकाम्या घागरीच्या बुडावर पाणी पडलं. देगावकर आजवर हा आवाज खालूनच ऐकत आले होते. घागर भरत गेली तसा तो जड होत गेला, आणि ती काठोकाठ भरून पाणी फरशीवर उतरायला लागलं तरी नळ बंद करायला कोणी हात पुढे केला नाही.